कल्लोळाखालची चाल

कर्ण्याजवळ मायक्रोफोन नेला कीं जी किंकाळी उठते, ती आपण सभांतून ऐकलीच असेल. कर्ण्यांतला आवाज पुन्हां मायक्रोफोनांत शिरून वाढत जातो. तीच किंकाळी गिटारींतून मुद्दाम काढावयाची आणि तिच्याखालीं साधी, गुणगुणतां येणारी चाल ठेवावयाची, हें ‘नॉइज पॉप’चें मर्म.

लॉस एंजेलिसच्या ‘नो एज’ या जोडींत रँडी रँडल गिटार वाजवितात. डीन स्पंट ड्रम वाजवितां वाजवितां गातात. ते पुढें आले ‘द स्मेल’ (नांव ओंगळ खरें!) या १९९८ सालीं सुरू झालेल्या लहानशा जागेंतून. चालविणारे स्वयंसेवक, मद्य विकावयाचें नाहीं हा नियम, म्हणून शाळकरी मुलांनाही मज्जाव नाहीं. मज जुन्या मास्तराला हेंच भावलें. त्यांच्या २००७ सालच्या ‘वियर्डो रिपर्स’च्या वेष्टनावर त्याच जागेची दर्शनी भिंत आहे.

अशा जलशास जाणाऱ्यानें कानांत बोळे अवश्य घालावे; चाल तरीही ऐकूं येते.