शहाणे पदार्थ, लेखांक ६ : झोतात वाकणारे दाते

जेट इंजिनातून वेगाने सुटणारा झोत भोवतालच्या संथ हवेला घासतो, तिथे उड्डाणाच्या आवाजाचा मोठा भाग तयार होतो. इंजिनाच्या मागच्या काठाला करवतीसारखे दाते दिले, की दोन्ही प्रवाहांचं मिसळणं बदलतं आणि गोंगाट कमी होतो. अभियंते या दात्यांना ‘शेव्हरॉन’ म्हणतात. दाते झोतात थोडे आत वाकलेले असले तर गोंगाट आणखी उतरतो. मात्र तेच दाते उंचावर तासन् तास वाकलेले राहिले तर इंजिनाचा रेटा घटतो आणि इंधन वाया जातं. म्हणजे विमानतळाशेजारच्या वस्तीला ते वाकलेले हवेत, विमान कंपनीला सरळ.

दोघांचंही समाधान करायचं तर दाते हलले पाहिजेत. पण त्या पातळ काठावर मोटर बसवायला जागा कुठली?

बोइंगच्या अभियंत्यांनी निटिनॉलच्या पट्ट्या वापरल्या. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी अभ्यासला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा गुण लक्षात आला : थंड असताना वाकवला, तरी तापवल्यावर तो मूळ आकारात परततो. पट्टी तापली, की दाता आत ओढला जातो. थंडावली, की ती नरम पडते आणि दात्याचा स्वतःचा लवचिक थर तिला पुन्हा सरळ करतो. ऑगस्ट २००५मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ७७७-३००ईआर विमानावर असे दाते प्रत्यक्ष उडवून पाहिले गेले.

खरी कसोटी मात्र गणिताची आहे. साध्या पोलादाच्या तुळईवर किती भार आहे हे कळलं, की ती किती वाकेल हे सांगता येतं. निटिनॉलला त्याचा इतिहासही विचारावा लागतो. तापताना आणि थंड होताना त्याच्या अंतर्रचनेतले बदल वेगवेगळ्या तापमानांना होतात. त्यामुळे एकाच तापमानाला, त्याच भाराखाली पट्टीचे दोन वेगळे बाक संभवतात. म्हणून संगणकात पट्टीचे असंख्य छोटे घटक पाडून प्रत्येक घटकात तापमान आणि ताणाबरोबर तिसरी नोंद ठेवतात : थंड अवस्थेतल्या ‘मार्टेन्साइट’ रचनेचं प्रमाण, शून्य ते एक. तापमान बारीक पावलांनी बदलत हा आकडा पुढे न्यावा लागतो. मधली पावलं गाळली तर उत्तर चुकतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात दिमित्रिस लागुदास यांच्या गटाने अशी मॉडेलं घडवली आणि बोइंगच्या अभियंत्यांसह दात्यांवर वापरली. आधी धातूच्या छोट्या नमुन्यांवर चाचण्या, त्यांतून मॉडेलचे आकडे, मग पट्टीच्या बाकाचं भाकीत आणि शेवटी प्रयोगाशी पडताळणी. या क्रमातली शिस्त मला यंत्राइतकीच मोलाची वाटते.

मॉडेलवर भरवसा बसला, की आराखड्याचा शोध सुरू करता येतो. पट्टी जाड केली तर जोर वाढतो, पण वजनही वाढतं आणि तापायला वेळ लागतो. पातळ केली तर दाता वाकत नाही. लवचिक थर फार ताठ असला तर पट्टी हरते, फार नरम असला तर दाता सरळच होत नाही. जाडी, लांबी, जागा अशा अनेक गोष्टी एकाच वेळी बदलून पाहायच्या, तर प्रत्येक पर्याय धातूत घडवणं परवडणारं नाही. संगणकात तो घडवून मोडता येतो.

प्रवासी सेवेतल्या बोइंग ७८७च्या इंजिनांना दाते आहेत, पण ते स्थिर आहेत. हलणाऱ्या दात्यांना प्रत्येक उड्डाणात वाकावं आणि सरळ व्हावं लागेल, तेही वर्षानुवर्षं. इतक्या फेऱ्यांत धातू थकतो आणि त्याचा मूळ आकारही हळूहळू सरकतो. या थकव्याचं गणित पुढच्या लेखांकात पाहू.