पेबल स्मार्ट घड्याळाचा अस्त : लोकवर्गणी, ग्राहक आणि वस्तूची मालकी

प्रस्तावना

सन २०१६ मध्ये घड्याळनिर्मितीच्या क्षेत्रातील दोन उद्योगांचा अस्त झाला. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे सुरू झालेला एच. एम. टी.चा घड्याळ-उद्योग बंद करण्यास केंद्र सरकारने त्या वर्षीच्या जानेवारीत मान्यता दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील पेबल या छोट्या कंपनीने आपला कारभार थांबवीत असल्याचे जाहीर केले. या दोन घटनांत एक मूलभूत फरक आहे. एच. एम. टी. बंद झाल्यावरही तिची घड्याळे थांबली नाहीत. चावी द्यावी, बिघाड झाल्यास गावातील घड्याळजीकडे न्यावे, इतके पुरेसे होते. पेबलच्या घड्याळाचे तसे नव्हते. त्याची अनेक कामे दूरवरच्या संगणकांवर अवलंबून होती आणि ते संगणक चालविणारी कंपनीच उरली नाही.

कंपनी बुडाली तर ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे केवळ तंत्रज्ञानाचा राहत नाही. तो वाणिज्य, कायदा आणि समाजशास्त्र या तिन्ही विद्याशाखांचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात पेबल कंपनीचा उदय, तिच्या अपयशाची कारणे आणि ग्राहकांनी त्यास दिलेला प्रतिसाद यांचे विवेचन केले आहे.

कंपनीचा उदय

पेबलचे संस्थापक एरिक मिगिकोव्हस्की हे मूळचे कॅनडाचे. वॉटर्लू विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असतानाच त्यांनी भ्रमणध्वनीशी जोडले जाणारे मनगटी घड्याळ तयार करण्याचे प्रयोग सुरू केले होते. त्यांचे पहिले घड्याळ 'इनपल्स' हे ब्लॅकबेरी दूरध्वनीसाठी होते. त्याला मर्यादित यश मिळाले. पुढील घड्याळासाठी गुंतवणूकदार मिळेनात, तेव्हा त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणी जमविणाऱ्या संस्थेचा आधार घेतला.

११ एप्रिल २०१२ रोजी केलेल्या आवाहनात केवळ १ लाख डॉलरची मागणी होती. ती दोन तासांत पूर्ण झाली. १८ मे रोजी मुदत संपली तेव्हा सुमारे ६९ हजार लोकांकडून १ कोटी २ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली होती. त्या काळी किकस्टार्टरवरील हा विक्रम होता.

घड्याळाची रचना साधी होती. त्याचा पडदा १४४ बाय १६८ बिंदूंचा, कृष्णधवल आणि अत्यल्प वीज घेणारा होता. भर उन्हातही तो स्पष्ट वाचता येई. एकदा भारित केल्यावर घड्याळ साधारण आठवडाभर चाले. दूरध्वनीवरील संदेश मनगटावर दाखविणे, कंप पावून सूचना देणे आणि गाण्यांचे नियंत्रण करणे ही त्याची मुख्य कामे. मात्र त्याचे खरे वैशिष्ट्य वेगळेच होते. कंपनीने आज्ञावली लिहिण्याची साधने सर्वांना खुली केली. त्यामुळे जगभरातील हौशी आज्ञावलीकारांनी पेबलसाठी घड्याळाच्या हजारो तबकड्या आणि छोटी उपयोजने तयार केली. ग्राहक आणि निर्माता यांच्यातील सीमारेषा येथे पुसट झाली. पुढील घटनाक्रम समजून घेण्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

लोकवर्गणीचे स्वरूप

'लोकवर्गणी' हा शब्द मराठी वाचकास परिचित आहे. गावचे देऊळ, शाळा, वाचनालय यांसाठी वर्गणी गोळा होते. ती देणारा परताव्याची अपेक्षा करीत नाही. सहकारी साखर कारखान्यात शेतकरी भागभांडवल भरतो. तो सभासद होतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याला मताचा अधिकार असतो. किकस्टार्टरवरील पैसे या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. देणाऱ्यास वस्तू मिळण्याची अपेक्षा असते, म्हणून ती देणगी नव्हे. त्याला भाग किंवा मत मिळत नाही, म्हणून ते भांडवल नव्हे. वस्तू अद्याप तयारच झालेली नसते, म्हणून ती सरळ खरेदीही नव्हे. आपली संस्था म्हणजे दुकान नव्हे, असे किकस्टार्टरने २०१२ सालीच जाहीरपणे स्पष्ट केले होते.

व्यवहारात मात्र बहुसंख्य लोक स्वतःला ग्राहकच समजत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये देऊ केलेली घड्याळे जानेवारी २०१३ पासून रवाना होऊ लागली, तेव्हा वर्गणीदारांत नाराजी दिसली. एक हजाराच्या आसपास घड्याळांचा मूळ अंदाज सुमारे ८५ हजारांपर्यंत गेला, हे या विलंबाचे प्रमुख कारण होते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये 'पेबल टाइम' या रंगीत पडद्याच्या घड्याळासाठी दुसरे आवाहन झाले. त्यात ७८,४७१ जणांकडून २ कोटी ३ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. मे २०१६ मधील तिसऱ्या आवाहनात 'पेबल २', 'टाइम २' आणि 'कोअर' या वस्तूंसाठी ६६,६७३ जणांनी १ कोटी २७ लाख डॉलर दिले. तिन्ही मिळून ही रक्कम ४ कोटी ३३ लाख डॉलरच्या वर जाते.

या आकड्यांकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. चार वर्षांत रक्कम दुप्पट झाली आणि पुन्हा घटली, परंतु वर्गणीदारांची संख्या ६६ ते ७९ हजार यांच्या दरम्यानच राहिली. म्हणजे या मार्गाने कंपनीला निष्ठावंतांचे एक वर्तुळ लाभले, पण ते वर्तुळ रुंदावले नाही. दुकानांतून होणारी विक्री धरून कंपनीने एकंदर २० लाखांहून अधिक घड्याळे विकली. तरीही उद्योग स्थिरावण्यास ती संख्या पुरेशी ठरली नाही.

अपयशाची कारणे

पहिले कारण स्पर्धेचे. एप्रिल २०१५ मध्ये ॲपल कंपनीचे घड्याळ बाजारात आले. दूरध्वनी, त्याची कार्यप्रणाली आणि घड्याळ ही तिन्ही एकाच कंपनीच्या हाती असल्याने तिला जी सोय सहज देता येई, ती त्रयस्थ कंपनीस देणे शक्य नव्हते. आयफोनवरील कित्येक कामे पेबलला तांत्रिक मर्यादांमुळे करता येत नसत.

दुसरे कारण दिशा बदलण्याचे. हौशी लोकांसाठी गमतीदार आणि स्वस्त घड्याळ बनविणारी कंपनी आधी कार्यक्षमतेचे साधन आणि नंतर आरोग्य व व्यायामाचे साधन म्हणून पुढे येऊ लागली. आरोग्यमापनाच्या क्षेत्रात फिटबिटसारख्या कंपन्या आधीच पाय रोवून होत्या. मिगिकोव्हस्की यांनी २०२२ साली केलेल्या आत्मपरीक्षणात दीर्घकालीन दृष्टीचा अभाव आणि टिकाऊ, नफा देणारा व्यवसाय उभा करण्यातील अपयश यांवरच बोट ठेवले आहे.

तिसरे कारण पैशाच्या ओघाचे. हा मुद्दा वाणिज्य शाखेच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. आगाऊ मिळालेली वर्गणी ताळेबंदात उत्पन्नासारखी भासली, तरी वस्तू हाती पडेपर्यंत ते देणेच असते. नव्या वस्तूच्या आगाऊ रकमेवर चालू खर्च भागू लागला की पुढील प्रत्येक आवाहन ही गरज बनते. त्यातच २०१५ मधील विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ४० जणांना, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना, कमी केले. योगायोग असा की त्याच महिन्यात पेबलची घड्याळे भारतात ॲमेझॉनमार्फत अधिकृतपणे विक्रीस आली. येथील ग्राहकांस त्या कंपनीचा सहवास जेमतेम नऊ महिने लाभला.

७ डिसेंबर २०१६ ची घोषणा

या दिवशी कंपनीने आपण स्वतंत्रपणे चालू राहू शकत नसल्याचे जाहीर केले. फिटबिटने पेबलची आज्ञावली, बौद्धिक संपदा आणि काही अभियंते सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरना घेतले. मात्र घड्याळे या व्यवहारातून वगळण्यात आली होती. कंपनीचे ज्ञान विकले गेले, जबाबदारी विकली गेली नाही. 'टाइम २' आणि 'कोअर' या वस्तू रद्द झाल्या. ज्यांना वस्तू मिळाली नव्हती, त्या वर्गणीदारांना रक्कम परत देण्याचे आश्वासन मिळाले. पूर्वी विकलेल्या घड्याळांची हमी त्याच दिवसापासून संपुष्टात आली. घड्याळे तूर्त चालतील, पण पुढे त्यांची कार्यक्षमता कमी होऊ शकते, अशी सूचनाही देण्यात आली.

ग्राहकांचा प्रतिसाद

ग्राहकांच्या प्रतिक्रिया स्थूलमानाने तीन प्रकारच्या होत्या.

पहिला प्रकार संतापाचा. काही आठवड्यांपूर्वी पूर्ण किंमत देऊन घड्याळ घेतलेल्याची हमी एका घोषणेने रद्द व्हावी, हे अनेकांना अन्यायाचे वाटले. येथे एक विसंगती दिसते. ज्यांनी न बनलेल्या वस्तूसाठी जोखीम पत्करून पैसे दिले त्यांना परतावा मिळणार होता. ज्यांनी तयार वस्तू विकत घेतली त्यांच्या हाती हमीशिवायचे घड्याळ उरले.

दुसरा प्रकार हळहळीचा. पहिल्या आवाहनापासून सोबत असलेल्या लोकांना ही कंपनी परकी वाटत नव्हती. आपण दिलेल्या पैशांतून ती उभी राहिली, अशी त्यांची भावना होती. कायद्याने ते भागीदार नव्हते, मनाने मात्र होते. फिटबिटने पुढे आपल्या नव्या घड्याळावर ५० डॉलरची सूट देऊ केली. आठवडाभर न थांबणारे साधे, खुले घड्याळ हवे असणाऱ्यांचे त्याने समाधान होणे कठीण होते.

तिसरा प्रकार संघटनेचा, आणि तोच सर्वांत टिकाऊ ठरला. घोषणेनंतर काही दिवसांतच हौशी आज्ञावलीकार आणि काही माजी पेबल-अभियंते एकत्र आले. त्यांनी आपल्या गटास 'रेबल' हे नाव दिले. बंडखोर या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि पेबल यांवरील ही कोटी होती. फिटबिटने ३० जून २०१८ पर्यंत जुन्या सेवा चालू ठेवल्या. त्यानंतर उपयोजनांचे भांडार, आवाजावरून मजकूर लिहिण्याची सोय आणि संदेशांना उत्तर देण्याची सोय बंद होणार होती. या अवधीत रेबलने उपयोजनांचा संग्रह जतन केला आणि स्वतःची पर्यायी सेवा उभारली. भांडार सर्वांना मोफत राहिले. हवामान आणि आवाज-लेखन या खर्चिक सेवांसाठी महिन्याला ३ डॉलर वर्गणी ठेवण्यात आली. ज्यांनी आधी घड्याळ जन्माला यावे म्हणून पैसे दिले होते, त्यांच्यापैकीच अनेक जण आता ते जिवंत राहावे म्हणून पैसे देऊ लागले.

पुढील घटनाक्रम

जानेवारी २०२१ मध्ये गूगलने फिटबिटची खरेदी पूर्ण केली आणि पेबलची आज्ञावली गूगलच्या ताब्यात गेली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ती, काही त्रयस्थ मालकीचे भाग वगळून, सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर मिगिकोव्हस्की यांनी बाहेरचे गुंतवणूकदार न घेता छोटी नवी कंपनी काढली. 'पेबल' हे नाव परत मिळविले आणि त्या आज्ञावलीवर चालणारी घड्याळे २०२५ मध्येच ग्राहकांकडे रवाना होऊ लागली. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्वयंसेवकांनी जतन केलेल्या उपयोजन-संग्रहावर हक्क कोणाचा, यावरून नवी कंपनी आणि रेबल यांच्यातील मतभेद उघड झाले. मालकीचा प्रश्न ग्राहकांनी एकत्र येऊन अंशतः सोडविला, तरी तो संपत नाही, हेच यावरून दिसते.

निष्कर्ष

१. सेवेशी जोडलेली वस्तू विकत घेताना ग्राहक वस्तूचा मालक होतो, पण तिच्या उपयोगाचा पूर्ण मालक होत नाही. उपयोगाचा काही भाग विक्रेत्याच्या आयुष्याशी बांधलेला असतो.

२. लोकवर्गणीमुळे उद्योगास आरंभीचे बळ मिळते. परंतु अधिकाराविना दिलेली वर्गणी देणाऱ्यास संकटकाळी निर्णयात स्थान देत नाही. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात या उणिवेचा अभ्यास होणे उपयुक्त ठरेल.

३. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने उत्पादन-दायित्वाची तरतूद केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. परंतु सुट्या भागांइतकीच आज्ञावलीही दुरुस्तीचा भाग मानली गेली पाहिजे. कंपनी बंद होताना तिची आज्ञावली खुली करण्याचे बंधन आधीच करारात असावे, या सूचनेचा विचार व्हावयास हवा. पेबलच्या बाबतीत जे आठ वर्षांनी, एका मोठ्या कंपनीच्या स्वेच्छेने घडले, ते ग्राहकाचा हक्क म्हणून पहिल्याच दिवशी घडू शकले असते.

४. वस्तू खुली असेल तर तिचे ग्राहक तिला सांभाळतात. पेबल टिकली ती तिच्या भांडवलामुळे नव्हे. आज्ञावली लिहिण्याची साधने तिने आरंभीच लोकांच्या हाती दिली होती, म्हणून टिकली. एच. एम. टी.च्या घड्याळाला जसा गावोगावचा घड्याळजी होता, तसा पेबलला हा आज्ञावलीकारांचा समूह लाभला. ज्या स्मार्ट वस्तूंना असा घड्याळजी नाही, त्या वस्तू विकत घेणाऱ्याने आपण नेमके काय विकत घेत आहोत, याचा विचार खरेदीपूर्वीच करणे इष्ट होय.