प्राचीन वाङ्मयाच्या संशोधनातील संदर्भसंक्षेप : स्वरूप आणि उपयोग

प्रस्तावना

प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासात ‘ज्ञा. ९.१२’, ‘ऋ. १०.१२९.१’ असे संक्षेप पदोपदी आढळतात. नवोदित संशोधक बहुधा ते जसेच्या तसे उतरवून घेतो. वस्तुतः संक्षेप म्हणजे मूळ वचनाचा पत्ता होय. त्या पत्त्यावर जाऊन वचन सापडते की नाही, ही संदर्भाची खरी कसोटी आहे.

संक्षेपाची रचना

संक्षेपात प्रथम ग्रंथनाम आणि नंतर मोठ्याकडून लहान विभागाकडे जाणारे अंक येतात. ‘ज्ञा. ९.१२’ म्हणजे ज्ञानेश्वरी, अध्याय ९, ओवी १२, ‘ऋ. १०.१२९.१’ म्हणजे ऋग्वेद, मंडल १०, सूक्त १२९, ऋचा १. पृष्ठांक आवृत्तीगणिक बदलतो. अध्याय-ओवीचा क्रम तुलनेने स्थिर असतो. म्हणून ही पद्धती रूढ झाली. पाश्चात्त्य अभ्यासात प्लेटोचे संदर्भ आजही स्टेफानसच्या १५७८ च्या आवृत्तीतील पृष्ठांकांनी दिले जातात, कारण नंतरच्या आवृत्त्यांनी ते अंक समासात जपले.

संदिग्धतेची कारणे

पहिले कारण म्हणजे एकाच चिन्हाचे भिन्न अर्थ. वा. शि. आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात रोमन ‘आर’ हे अक्षर रघुवंशाचे, तर मोनियर-विल्यम्स यांच्या कोशात तेच अक्षर रामायणाचे निदर्शक आहे. कोशाच्या आरंभीची संक्षेपसूची न पाहता संदर्भ उचलल्यास कालिदासाचे वचन वाल्मीकींच्या नावे जमा होते.

दुसरे कारण आवृत्तिभेदाचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित महाभारतात भगवद्गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० या अध्यायांत येते. प्रचलित प्रतीत ती २५ ते ४२ या अध्यायांत आहे. लीळाचरित्राच्या शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांत लीळांचे क्रमांक सर्वत्र जुळत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतही ओवीसंख्या भिन्न आहे.

जनाबाईंच्या अभंगांचे उदाहरण

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही परंपरेनुसार संत जनाबाईंची जन्मभूमी. येथील महाविद्यालयांतील अभ्यासकांना हा प्रश्न म्हणूनच निकटचा आहे. जनाबाईंचे अभंग निरनिराळ्या गाथांत निरनिराळ्या क्रमांकांनी छापलेले आहेत. केवळ ‘जनाबाई, अ. क्र.’ एवढ्या निर्देशावरून दुसऱ्या गाथेत तो अभंग शोधणारा वाचक भलत्याच अभंगापाशी पोहोचतो. अभंगाच्या कर्तृत्वाची वा पाठाची चर्चा करताना तर अशा संदर्भावर निष्कर्ष उभारणे धोक्याचे ठरते. यास्तव गाथेचे नाव, संपादक, प्रकाशनवर्ष, अभंगक्रमांक आणि अभंगाचा आरंभीचा चरण असा पूर्ण निर्देश करावा. क्रमांक चुकला तरी चरणावरून अभंग सापडतो.

काही पथ्ये

शोधनिबंधाच्या आरंभी संक्षेपसूची द्यावी आणि प्रत्येक संक्षेपापुढे वापरलेली आवृत्ती नोंदवावी. ‘तत्रैव’ हा शब्द लगतच्या आधीच्या संदर्भाकडे निर्देश करतो; पुनर्लेखनात मध्ये नवी टीप आली की त्याचा अर्थ बदलतो. म्हणून अंतिम मसुद्यात असे सर्व निर्देश पुन्हा तपासावेत. दुय्यम ग्रंथातून घेतलेला संदर्भ मूळ ग्रंथ पाहिल्याच्या थाटात देऊ नये.

निष्कर्ष

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या अनुषंगाने होणाऱ्या अध्ययनाची विश्वसनीयता अखेर अशा लहान नोंदींवरच अवलंबून राहील. मार्गदर्शकांनी प्रबंधातील किमान काही संदर्भ विद्यार्थ्यांकडून मूळ ग्रंथ उघडून पडताळून घेतले, तर ही शिस्त सहज रुजू शकेल.