खेळता खेळता गोठणारा संगणक

परीक्षा संपल्या की अनेक घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. मोठ्या हौसेने घेतलेला गेमिंग संगणक अडखळू लागलेला असतो. खेळ ऐन रंगात असताना पडदा गोठतो, आवाज एकाच सुरावर घोटाळत राहतो, माऊस हलेनासा होतो. मुलगा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बदलायला हवे. आईला वाटते, हा सारा खेळांचाच दोष. आणि दुकानदार यंत्र न उघडताच नव्या संगणकाचे दरपत्रक पुढे करतो. यंत्राची नाडी मात्र तिघांपैकी कोणीही पाहिलेली नसते. हजारो रुपये खर्चून बदललेला भाग मुळात निर्दोषच होता, हे मागाहून कळणे कोणत्याही घराला महागात पडते.

निदानाचा आरंभ लक्षण नेमके ओळखण्यापासून होतो. संगणक मंद चालणे, मधूनमधून अडखळणे आणि पूर्णपणे गोठणे या तीन निराळ्या व्याधी आहेत. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटायची, तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी उत्तम असूनही एखाद्या चित्राला २०० मिलिसेकंद लागले, तर डोळ्याला धक्का जाणवतोच. म्हणून त्रास केव्हा सुरू झाला, केवळ खेळातच होतो की साधे पत्र लिहितानाही, आणि किती मिनिटांनी होतो, हे प्रथम कागदावर टिपून ठेवावे.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. येथे एक गैरसमज फार आढळतो. खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्ड ९५ ते १०० टक्के व्यग्र दिसले की पालक घाबरतात. वस्तुतः ते आपले काम चोख बजावत असल्याचेच ते लक्षण होय. याउलट कार्ड निम्मे रिकामे आणि खेळ तरीही संथ, असे दिसले तर अडथळा अन्यत्र आहे. प्रोसेसरचा सरासरी आकडाही फसवा असतो. आठ गाभ्यांपैकी एकच पूर्ण थकला असेल, तरी एकूण वापर १२-१३ टक्केच दिसू शकतो. मेमरी काठोकाठ भरली असेल, तर विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकते. आणि ती डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची असेल, तर खेळ अडखळणारच. अशा डिस्कला माहिती शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा अंश पुरतो. संगणक काहीच करत नसतानाही पंखे घोंघावत असतील, तर फुकट उतरवलेल्या चोरट्या खेळांबरोबर नको तो पाहुणा घरात शिरला नाही ना, हेही पाहावे.

पंधरा-वीस मिनिटे सुरळीत आणि मग मंद, असा क्रम असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग आपणहून कमी करतात. विदर्भातला मे महिना, भिंतीला चिकटवून टेबलाखाली कोंबलेली कॅबिनेट, जाळीवर साचलेला धुळीचा थर आणि वाळलेली थर्मल पेस्ट एवढे कारण त्याला पुरेसे असते. वीज पूर्ण तोडून, पंख्याची पाती बोटाने धरून हलक्या हाताने धूळ काढावी. या साफसफाईला फारसा खर्च येत नाही आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

दोन क्षुल्लक चुकाही तपासाव्यात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खाचेत लावलेली असेल, तर खेळाचा भार बहुधा प्रोसेसरमधल्या दुबळ्या ग्राफिक्सवर पडतो आणि महागडे कार्ड शोभेपुरते उरते. तसेच १४४ हर्ट्झचा पडदा विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो.

पूर्ण गोठणे हे मात्र अधिक गंभीर. काही सेकंद सारे थांबते, त्या वेळी डिस्कचा वापर १०० टक्के पण वाचनाचा वेग शून्याजवळ दिसतो, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येतो, तेव्हा खेळाचा विचार बाजूला ठेवावा. त्याच डिस्कवर लग्नाची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण, दुकानाचे हिशेब असतात. आधी हे सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, चाचण्या नंतर. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर दुरुस्तीच्या आज्ञा चालवल्याने तिच्यावरचा ताण वाढतोच.

डिस्क निरोगी असेल तर मेमरीकडे वळावे. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक किंवा पेनड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवावे. चूक सापडल्यास एकेक पट्टी काढून पाहावी. मेमरी वाढीव वेगाने चालवली असेल, तर बायोसमध्ये तो वेग मूळ पदावर आणावा. पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर तपासावा: कार्डाकडून साधारण २ सेकंद उत्तर आले नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. भार वाढताच संगणक एकदम बंद पडत असेल, तर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर नजर ठेवावी. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेकजण लगेच तोच बदलतात. परंतु संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती नोंद सांगते.

एका वेळी एकच बदल करावा आणि नंतर तोच खेळ तितकाच वेळ चालवून पाहावा. तरीही दुकानाची पायरी चढावी लागलीच, तर लक्षणे, तापमान आणि केलेले बदल लिहिलेला कागद सोबत न्यावा आणि कोणता भाग कोणत्या चाचणीत दोषी ठरला, हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत.