रिम किती इंची, टायर किती रुंद?

ट्रॅकवर हौसेखातर गाडी पळवू लागलेल्या माणसाचा पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा मोठ्या रिमवर होतो. फेरीचा वेळ मात्र कमी होतो तो रबराची प्रत, टायर आणि रिमची जुळणी आणि हवेचा दाब यांमुळे. पैठण, बिडकीन किंवा छत्रपती संभाजीनगरहून जाणाऱ्या चालकाला आणखी एक अट सांभाळावी लागते: ज्या चाकांवर गाडी ट्रॅकवर धावते, त्याच चाकांवर ती शेकडो किलोमीटर साध्या रस्त्यानेही चालवायची असते. पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ नानोलीला आता ट्रॅक झाला आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक मात्र पैठणहून हजार किलोमीटरहून दूर आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मापांचा विचार करायला घरचेच उदाहरण आहे. शेंद्र्याच्या कारखान्यातून २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली आणि वाळूजच्या गुडइयर कारखान्यात मोटारींचे रेडियल टायर तयार होतात. सुरुवातीच्या ऑक्टाव्हियाला १९५/६५ आर१५ हे टायर होते. पुढच्या पिढ्यांत २०५/५५ आर१६ आले. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएस या जोरकस मॉडेलला २२५/४५ आर१७, तर २०२० मध्ये आयात झालेल्या आरएस २४५ ला २२५/४० आर१८ होते. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो.

चाकाचा एकूण व्यास काढायचा तर रिमच्या इंचांना २५.४ ने गुणायचे आणि त्यात बाजूची उंची दोनदा मिळवायची. वरच्या चार मापांचे उत्तर अनुक्रमे ६३४.५, ६३१.९, ६३४.३ आणि ६३७.२ मिलिमीटर येते. रिम १५ वरून १८ इंचांवर गेली, तरी चाकाचा व्यास पहिल्या मापापासून अर्ध्या टक्क्याहून जास्त हलला नाही. कारण स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरचे गणित या व्यासावरच बसवलेले असते. हौशी चालकाने पाळायचा पहिला नियम हाच: रिम बदला, टायर बदला, पण व्यास मूळ मापाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा.

व्यास मुद्दाम कमी करण्याची एक पद्धत आहे आणि छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर तिचा फायदाही होतो. १७ इंचीच्या जागी २०५/५० आर१६ घातले, तर व्यास ६११.४ मिलिमीटर होतो. म्हणजे गिअर सुमारे साडेतीन टक्क्यांनी आखूड होतात आणि वळणातून बाहेर पडताना गाडी चपळ उचलते. कोइमतूरच्या सुमारे २.१ किलोमीटरच्या करी मोटर स्पीडवेवर ते जाणवेल. पण गाडी साडेअकरा मिलिमीटर खालीही बसते. गावोगावच्या गतिरोधकांवर पोट घासण्याची सवय असलेल्या गाडीला हे परवडत नाही. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे आखूड गिअरचा उपयोग उरत नाही.

आता टायरच्या बाजूची उंची. १५ इंची मापात ती सुमारे १२७ मिलिमीटर आहे, १६ इंचीत ११३, १७ इंचीत १०१ आणि १८ इंचीत ९०. बाजू जितकी कमी, तितकी ती वळणात कमी दुमडते आणि सुकाणूला गाडी लवकर उत्तर देते. हा फायदा खरा आहे, पण त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते; तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा धरतो आणि कडा खचतात. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या त्यावरून जातात, तेव्हा खड्डे आणखी खोल होतात. अशा रस्त्यावर ९० मिलिमीटरची बाजू खड्ड्याची कड आणि रिमच्या ओठामध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर ट्रॅकवर नेणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून ऑक्टाव्हियासारख्या गाडीला पैठणच्या बाजूने पाहता १६ इंची रिम सर्वांत शहाणी ठरते आणि १७ इंची ही वरची मर्यादा. १८ इंची केवळ दिसायला.

१६ इंचीपुढे जाण्याचे एकच सबळ कारण असते: ब्रेक. पुढची डिस्क आणि कॅलिपर मोठे असतील, तर लहान रिम त्यांच्यावर बसतच नाही. जोरकस मॉडेलांत हे नेहमी आढळते. कॅलिपर आणि रिमची आतली बाजू यांत काही मिलिमीटर तरी मोकळी जागा लागते, कारण ट्रॅकवर ब्रेक तापले की धातू प्रसरण पावतो. एरवी लहान रिमच बरी: ती हलकी असते, टायर स्वस्त मिळतात आणि फिरणारे वजन कमी झाल्याने वेग पकडणे आणि थांबणे दोन्ही सुधारते. ओतीव रिमपेक्षा घडीव रिम हलकी आणि चिवट, पण महाग.

रुंदीबद्दल एक समज फार घट्ट बसलेला आहे, की रुंद टायर म्हणजे जमिनीला टेकणारे रबर जास्त. प्रत्यक्षात टेकणारे क्षेत्र मुख्यतः त्या चाकावरचे वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरते. पुढच्या एका चाकावर ४०० किलो भार आणि ३२ पीएसआय दाब असेल, तर ते क्षेत्र सुमारे १८० चौरस सेंटीमीटर येते. टायर २०५ असो वा २२५. रुंदीने बदलतो तो त्या क्षेत्राचा आकार. ते आडवे पसरते आणि लांबीत आखडते, त्यामुळे वळणात पकड सुधारते. जास्त रबरामुळे उष्णताही जास्त पेलली जाते. उलट पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

रुंदीचा फायदा मिळतो तो रिम पुरेशी रुंद असेल तरच. २०५/५५ आर१६ टायरला साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम चालते आणि त्याचे मानक माप साडेसहा. २२५/४५ आर१७ ला सात ते साडेआठ, मानक साडेसात. सात इंची रिमवर २२५ चढवला, तर तो बसतो, पण वळणात त्याची बाजू बाहेर दुमडते आणि खांदा घासतो. त्याच रिमवर २०५ किंवा २१५ जास्त स्वच्छ वळेल. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत हे फार लागू पडते, कारण ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा हिस्सा पुढच्याच दोन टायरांवर येतो. त्यांचा बाहेरचा खांदा सर्वांत आधी संपतो. तो वाचवायला चाकाचा माथा आत कलता ठेवणारा कॅम्बर आणि ठरावीक काळाने पुढचे टायर मागे करणे, हे दोन उपाय स्वस्त आहेत. त्यासाठी चारही चाके एकाच मापाची हवीत.

माप जुळले तरी चाक गाडीला बसेल असे नाही. जुन्या ऑक्टाव्हियाचे पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, नंतरच्या पिढ्यांचे ११२ वर. कितीतरी जपानी आणि कोरियन गाड्यांत हे वर्तुळ ११४.३ चे असते. ११२ आणि ११४.३ मधला २.३ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. ११४.३ ची रिम ११२ वर ओढूनताणून बसते, पण बोल्ट तिरके आवळले जातात. असे चाक कधीही ट्रॅकवर नेऊ नये. मधल्या भोकाचे माप ऑक्टाव्हियात ५७.१ मिलिमीटर आहे. बाजारातल्या अनेक रिमचे भोक ७३.१ चे असते, म्हणून मध्ये नेमक्या मापाची रिंग लागते. नाहीतर चाक थरथरते. बोल्टच्या डोक्याची बैठकही पाहावी: मूळ बोल्ट गोल बैठकीचे, बाहेरच्या बऱ्याच रिम शंकूच्या बैठकीच्या. दोन्हींची सरमिसळ केली तर बोल्ट ढिले होतात.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बसण्याच्या पृष्ठाचे अंतर. रिमवर ते ईटी म्हणून कोरलेले असते. ईटी ४५ ऐवजी ३५ घेतले, तर चाक १० मिलिमीटर बाहेर येते. रिम अर्ध्या इंचाने रुंद घेऊन ईटी तोच ठेवला, तर ती दोन्ही बाजूंना सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास वाढते. आत सस्पेन्शनला आणि बाहेर मडगार्डला टायर लागतो का, हे सुकाणू पूर्ण वळवून आणि गाडीत माणसे बसवून तपासावे. चाक फार बाहेर काढले, तर ब्रेक दाबताना सुकाणू हिसके देते आणि बेअरिंगवर ताण येतो.

एवढे सगळे झाले की पैसे रबरावर घालावेत. मापाशेजारचा ९१ हा आकडा एका टायरची भारक्षमता ६१५ किलो असल्याचे सांगतो. त्यापुढचे अक्षर वेगाचे: व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची मान्यता, एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०. बुद्धच्या सरळ पट्ट्यावर जोरकस गाडी दोनशेच्या जवळ जाते, म्हणून व्हीच्या खाली उतरू नये. टायरवरच्या चार अंकी तारखेत आधी आठवडा आणि मग वर्ष असते: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसत असली तरी जुने, कडक झालेले रबर घेऊ नये. कोरड्या ट्रॅकवर अर्धा झिजलेला चांगला टायर नव्या टायरपेक्षा स्थिर वागतो, कारण नक्षीचे उंच ठोकळे डुलत नाहीत.

दाबाचे काम ट्रॅकवरून दर वेळी आत आल्यावर पाहावे लागते. तापमान १० अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळच्या आणि दुपारच्या हवेतच दोन पीएसआयचा फरक पडतो, आणि ट्रॅकवर टायर तापले की आणखी चार-सहा. म्हणून सुरुवात थोड्या कमी दाबाने करून, गाडी आत येताच गरम टायरचा दाब मोजायचा आणि जास्तीची हवा सोडायची. टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढाव्यात. बाजूवरच्या रेघाही पुसल्या गेल्या, तर दाब कमी आहे. खांद्याच्या वरच रेघ शाबूत राहिली, तर जास्त. परत निघण्याआधी दाब पुन्हा रस्त्याच्या मापावर आणावा. ऑक्टाव्हियाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर आवळायचे आणि पहिल्या फेऱ्यांनंतर, चाके थोडी निवली की, टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. स्टेपनीचा व्यासही नव्या टायरांशी जुळायला हवा. पुढच्या दोन चाकांचा व्यास वेगळा असेल, तर डिफरन्शियल सतत फिरत राहते आणि तापते.