रानाची रीत

कोल्हापूरच्या दक्षिणेला, देश संपून घाटमाथा सुरू होतो तिथं आजरा तालुका आहे. पश्चिमेकडं किटवडे, घाटकरवाडी, सुळेरान ही धुवांधार पावसाची गावं, तर पूर्वेकडं उत्तूरच्या बाजूला मोकळी, कमी पावसाची शेती. आंबोलीला उगम पावलेली हिरण्यकेशी या दोन्ही मुलखांना शिवत रामतीर्थाच्या खडकांवरून पुढं गडहिंग्लजकडं जाते आणि कर्नाटकात घटप्रभेला मिळते. तिच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात, माशाची एक नवी जात सापडली आणि २०२० साली तिला नदीचंच नाव मिळालं. माणसांचा इतका राबता असलेल्या देवळातसुद्धा शास्त्राला अनोळखी जीव नांदत होता. जंगल, देवराई, काजूची बाग, भाताची खाचरं आणि उसाचे फड या तालुक्यात एकमेकांना खेटून आहेत. भाषेतलं, साहित्यातलं आणि माणसातलं रानटीपण म्हणजे नेमकं काय, याचा आढावा घ्यायला म्हणूनच मी आजऱ्यापासून सुरुवात करतो आहे.

या भागात माणूस रोज सकाळी ‘रानात’ जातो. त्याचं रान म्हणजे त्याचं शेत. त्यापलीकडच्या झाडीला तो डोंगर म्हणेल, नाहीतर जंगल म्हणेल. पण पेरलेल्या जमिनीला रान म्हणताना ही जमीन पूर्वी कुणाची होती आणि आपण हात काढून घेतला तर ती पुन्हा कुणाची होणार, हे त्याच्या बोलण्यात राहिलेलं असतं. रात्रीच्या वेळी वाघाचं किंवा सापाचं नाव थेट घ्यायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं, ‘लांबडं’ म्हणायचं, ही जुनी रीत अजून थोरल्या माणसांच्या तोंडी आहे. शिकलेल्या लोकांनी तिला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढलं. मला ती अदब वाटते. ज्याच्याशी कायमचा शेजार आहे आणि ज्याच्यावर आपली सत्ता नाही, त्याच्याशी बोलण्याची ती पद्धत आहे.

हा शेजार सोपा नाही. २००२ साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले, आणि नंतरच्या वर्षांत चंदगड-आजऱ्याच्या घाटमाथ्यावरही त्यांचा वावर सुरू झाला. गेली कित्येक वर्षं या पट्ट्यात एक सुळेवाला हत्ती एकटाच फिरतो. गावोगाव त्याला ‘टस्कर’ म्हणतात. गव्यांचे कळप तर बारमाही. चित्री धरणाचं पाणी आलं, गवसे इथं साखर कारखाना झाला, ऊस वाढला. जंगलाच्या कडेला बारा महिने हिरवा, गोड चारा उभा राहिल्यावर गवा तिथं येणारच. सुगीच्या दिवसांत शेतकरी जागलीला जातो. माळ्यावर बसून बॅटरीचा झोत फिरवतो, डबे वाजवतो, सुतळी बॉम्ब लावतो. सकाळी पिकाची नासाडी दिसली की त्याच्या तोंडून निघणाऱ्या शिव्या खऱ्या असतात. शहरात बसून त्याला सहजीवन शिकवणं मला लाजिरवाणं वाटतं.

पण हाच माणूस जनावराबद्दल बोलू लागला की त्याच्या बोलण्यातला नेमकेपणा ऐकण्यासारखा असतो. कुठल्या ओघळीनं कळप उतरतो, एकांडा गवा कळपातल्या गव्यापेक्षा जास्त जपून राहावा असा का, हत्ती भाताकडं कुठल्या वेळी वळतो आणि केळीच्या नुसत्या गाभ्यासाठी आख्खी बाग कशी आडवी करतो, हे तो सांगतो. त्याच्या सांगण्यात जनावर दुष्ट नसतं आणि देवही नसतं. त्याला त्याची रीत असते. शेजारच्या सिंधुदुर्गात २०१५ साली माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडण्यात आले आणि त्यांतले दोन बंदिवासातच मेले. उपद्रव थांबला म्हणून सुटका वाटलेल्या गावांमध्येही त्या मरणाची हळहळ झाली. नुकसान सोसलेल्या माणसाची हळहळ ही फार मोठी गोष्ट आहे. डिसेंबर २०२० मध्ये आजरा-भुदरगडचं सुमारे २३८ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून ठरलं. सरकारी नकाशावर रेघ आली. हत्तीला आणि शेतकऱ्याला मात्र तिच्या दोन्ही बाजूंना वावरावंच लागतं.

मराठी साहित्यानं या रानाकडं कसं पाहिलं? सुरुवात चांगली होती. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त शिकारी कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रय घेतो आणि मागून आलेल्या पारध्यांना ते तो देत नाहीत. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथात शिकार करणारा, शिकार होणारा आणि मध्ये उभा राहणारा असे तिघं एकाच प्रसंगात येतात. पुढं बराच काळ वन हे एकतर तपश्चर्येचं ठिकाण झालं, नाहीतर संकटाचं. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मध्ये मुंबई सोडून राजमाचीवर राहायला गेलेला म्हातारा भेटतो. पुस्तक मला अतिशय प्रिय आहे, पण त्यातलं रान विसाव्याचं आहे. जागलीच्या माणसाला ते रान पूर्ण ओळखीचं वाटणार नाही.

या संदर्भात मला १९६७ हे साल फार महत्त्वाचं वाटतं. त्या एका वर्षात तीन पुस्तकं आली. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’, इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. महानोर अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याचे. त्यांचं रान हे नांगरलेलं, पेरलेलं, देहाशी नातं सांगणारं रान. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाचा प्रश्न उपस्थित केला. आणि ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत हे आजऱ्याचे. ३१ ऑगस्ट १९४० हा त्यांचा जन्मदिवस. कोल्हापूरच्या राजाराम प्रशालेत शिक्षक असताना त्यांनी ही कादंबरी लिहिली. पुढं १९९४ चा मूर्तिदेवी पुरस्कार तिला मिळाला.

या तीन पुस्तकांतली शेवटची दोन एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत असं मी आग्रहानं सांगेन. खांडववन कृष्णार्जुनांनी जाळलं ते इंद्रप्रस्थाच्या राज्यासाठी. अग्नीची भूक भागवायची हे निमित्त. दोघं वीर दोन बाजूंना उभे राहिले आणि जळत्या वनातून बाहेर पडणारं प्रत्येक जनावर, प्रत्येक पाखरू बाणांनी परत आगीत पडलं. इरावतीबाईंनी तिथं वीरश्री पाहिली नाही. वनातले जीव आणि वनात राहणारे लोक संपवून जमीन मोकळी करण्याचा क्रूर व्यवहार पाहिला. जे मोजके जीव वाचले त्यांत तक्षक नागाचा मुलगा अश्वसेन होता. त्याची आई त्याला वाचवताना अर्जुनाच्या बाणानं मेली.

हा अश्वसेन महाभारतात पुन्हा येतो तो थेट कर्णपर्वात, कर्णाच्या बाणात शिरून. आईच्या मरणाचा सूड त्याला अर्जुनावर घ्यायचा असतो. कृष्ण रथ खाली दाबतो, बाण मुकुटावर जातो. अश्वसेन परत येऊन पुन्हा सोडण्याची विनंती करतो, तेव्हा कर्ण नकार देतो. दुसऱ्याच्या बळावर त्याला जिंकायचं नसतं. जाळून टाकलेल्या रानातला शेवटचा जीव शेवटी कुणाकडं येतो, तर कुळानं बाहेर ठेवलेल्या माणसाकडं. मला महाभारतातला हा सर्वांत अर्थपूर्ण धागा वाटतो. आणि सुसंस्कृत हस्तिनापुरातली भर सभा एका स्त्रीची वस्त्रं ओढताना पाहत बसली होती, हेही याच कथेत आहे. त्या सभेत कर्णही होता आणि त्या दिवशीची त्याची वाणी त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. माणसाच्या स्वभावात जे हिंस्र आहे ते वनातून येत नाही, भरल्या दरबारात वाढतं. व्यासांना हे ठाऊक होतं. आजऱ्यासारख्या गावातून आलेल्या लेखकानं आयुष्यातली पहिली मोठी कादंबरी याच माणसावर लिहावी, त्याला कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून उभं करावं, हे मला मोलाचं वाटतं. कुळानं नाकारलेल्या माणसाचं अंगचं तेज कुठल्याही गोठ्यात बांधून ठेवता येत नाही, हेच ‘मृत्युंजय’ पानापानांत सांगते.

यानंतर आपल्या साहित्यानं माणसातलं हिंस्रपण दाखवायला पुष्कळदा जनावरांची नावं वापरली. विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९७० च्या सुमारास रंगभूमीवर आलं आणि सेन्सॉरशी त्याचा मोठा वाद झाला. एका घरातली भावंडं आणि बाप पैशासाठी एकमेकांचे लचके तोडतात. नाटक थोर आहे. ते पाहताना आपण आपल्यालाच घाबरतो. पण पक्ष्याची बाजू मांडायला हवी. गिधाड मेलेलं खातं, जिवंताला हात लावत नाही, गावाची रोगराई उचलून नेतं. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या औषधानं विषारी झालेलं मांस खाऊन १९९० नंतर भारतातली गिधाडं प्रचंड प्रमाणात मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली सिद्ध झालं, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ज्याचं नाव आपण लोभी माणसाला दिलं, तो पक्षी आपल्याच गोठ्यातल्या औषधानं संपत आला.

उलट वाट व्यंकटेश माडगूळकरांची. त्यांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या आहेत, टोळीवरच्या हक्काची झुंज आहे, नव्या नरानं जुन्याची पिल्लं मारणं आहे. हे कल्पनेचे खेळ नाहीत. आपल्या सीमेपलीकडं धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकानं वानरांमध्ये हा प्रकार पाहून १९६५ साली तो जगापुढं मांडला होता. माडगूळकर वानरांना माणूस बनवत नाहीत आणि माणसाला धडा म्हणूनही त्यांचा उपयोग करत नाहीत. रान गोड नाही, हे ते न डगमगता सांगतात. त्याच वेळी तिथं सूडासाठी, दागिन्यासाठी, अपमानाच्या आनंदासाठी कुणी कुणाला मारत नाही, हेही वाचकाला दिसत राहतं. माझ्या मते रानाबद्दल मराठीत लिहिलेलं हे सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे.

मारुती चितमपल्लींनी जून २०२५ मध्ये निरोप घेतला. वनखात्यातल्या नोकरीत त्यांनी भाषेचं केलेलं काम अजून पुरतं ध्यानात घेतलं गेलेलं नाही. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी दिले आणि जंगलात राहणाऱ्या लोकांकडून ऐकलेलं ज्ञान त्यांच्या नावानिशी पुस्तकात आणलं. ज्या माणसांना शहर अडाणी समजत होतं, त्यांना त्यांनी गुरू म्हटलं.

कारण माणसांच्या जमातींनाच रानटी ठरवण्याचा उद्योग याच मातीत झालेला आहे. १८७१ च्या कायद्यानं आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. रोज चावडीवर हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायची बंदी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली आणि पारध्यांना आपल्याकडं कामाला ठेवलं. ज्यांच्यापासून संरक्षण करायचं असं कायदा सांगत होता, त्यांच्यावर विश्वास टाकायला लागणारी छाती त्या काळात विरळाच होती. कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, तेव्हा मराठी मध्यमवर्गाला पहिल्यांदा त्या हजेरीची दुसरी बाजू कळली. ‘गोधड’मधून वाहरू सोनवणे आणि ‘उलगुलान’मधून भुजंग मेश्राम यांनी तर आदिवासींच्या वतीनं इतरांनी बोलण्यालाच हरकत घेतली. ही हरकत मला पूर्ण मान्य आहे, आणि ती आजऱ्यालाही लागू आहे.

आजऱ्याची बोली देशावरच्या मराठीची, पण घाटाखालच्या मालवणीचा आणि पलीकडच्या कानडीचा तिला शेजार आहे. शाळेत गेलेल्या पोराला पहिल्याच वर्षी कळतं की घरचं बोलणं गावंढळ आहे. मग तो कोळसुंदा म्हणायचं सोडून रानकुत्रा म्हणतो, भेकर, सांबर सगळ्यांना हरीण म्हणू लागतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली यांचं मिळून ‘रानभाज्या’ होतं आणि कोणती कुठल्या नक्षत्रात, कशी शिजवायची हे आजीबरोबर जातं. गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांनी ‘चौंडकं’पासून ‘तणकट’पर्यंत ही बोली न बिचकता लिहिली, ‘तणकट’ला २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातून एवढं नक्की झालं की या मुलखाच्या बोलण्यात सबंध कादंबरी पेलायचं बळ आहे. इथल्या घनसाळ भाताचंही असंच. उंच वाढणारं, वाऱ्यापावसात लोळणारं, उतारा कमी देणारं हे भात संकरित बियाण्यापुढं मागं पडलं. पण त्याचा वास दुसऱ्या कशाला नाही. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते या मातीतल्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बियाण्यामुळं.

मानांकनानं भाताचं नाव टिकलं, भाव थोडा वाढला. बोलीसाठी तशी काही सोय नाही. हत्तीच्या, गव्याच्या बातम्या येतात त्या नुकसानीच्या आकड्यांसह आणि बहुतेक शहराच्या भाषेत. जागलीला बसणारा माणूस त्यांत ‘शेतकऱ्यांमध्ये भीतीचं वातावरण’ एवढ्यापुरताच येतो. त्याला कागद आणि पानं मिळाली तर तो काय लिहील? ओघळींची नावं लिहील, जी कुठल्याच नकाशावर नाहीत. कुठल्या वर्षी कळप कुठल्या वाटेनं आला आणि ती वाट कुठल्या कुंपणानं बदलली ते लिहील. देवराईतलं लाकूड कुणी तोडलं आणि त्यावर गावात काय बोलणं झालं, तेही लिहील. त्याच्या वाक्यांना आपण व्याकरणाचा हात लावू नये. येत्या दिवाळी अंकांच्या संपादकांनी एक तरी लेख घाटकरवाडीच्या किंवा किटवड्याच्या अशा माणसाकडून, त्याच्या बोलीत, मानधन देऊन मागवावा.