रिपोर्ट आल्यावर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या जालन्यात बायोप्सीचा रिपोर्ट कधी एकटा घरी येत नाही. मागोमाग चुलते, आत्या, शेजारीपाजारी, भिशीतल्या बायका असे सगळे येतात. संध्याकाळपर्यंत दारात चपला मावत नाहीत, चहाचं आधण दुसऱ्यांदा चढतं. ज्याच्या नावाचा रिपोर्ट आहे तो मात्र आतल्या खोलीत पलंगावर बसून बाहेरची कुजबुज ऐकत असतो. माणसांची वाण नाही, तरी तो एकटा पडलेला असतो. आधार कसा द्यायचा आणि तो कुठे मिळतो, याबद्दलच्या आपल्या काही कल्पना सरळ चुकीच्या आहेत. निदान झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या दिवसांत त्या सगळ्यात जास्त नडतात.

गैरसमज : पेशंटला सांगू नका, तो हाय खाईल

‘डॉक्टर, त्यांना काही बोलू नका.’ केबिनच्या दारात हे वाक्य न ऐकलेला कॅन्सरतज्ज्ञ मराठवाड्यात सापडणं अवघड. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण लपवाछपवी टिकत नाही. हॉस्पिटलच्या पाटीवर ‘कॅन्सर’ मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. बाकावर शेजारी बसलेला माणूस सहज विचारतो, ‘तुमचं कुठलं? माझं जिभेचं.’ संमतिपत्रावर सही करावी लागते. ‘साधी गाठ आहे, दोन-चार सलाईन लावायच्या’ असं सांगून आणलेल्या माणसाला तासाभरात सगळं उमगतं. मग घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोही कळलं नाही असं दाखवतो. एकाच घरातली माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत राहतात. रात्री दोनला छातीत धडधडायला लागतं तेव्हा त्याला बोलायला कुणी उरत नाही.

याचा उपचारांनाही फटका बसतो. ज्याला साधी गाठ म्हणून सांगितलंय, तो तिसऱ्या केमोच्या वेळी म्हणतो, ‘गाठ तर जिरली, आता कशाला जायचं?’ आणि त्याचं बरोबरच असतं. त्याला जेवढं सांगितलं, तेवढ्यावरच तो ठरवणार.

याचा अर्थ रिपोर्ट तोंडावर फेकावा असा नाही. अशी बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली मांडली गेली. ‘स्पाइक्स’ या नावाने ती जगभर डॉक्टरांना शिकवतात. तिच्यात सांगण्याआधी विचारायचं असतं : तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय? आणखी किती जाणून घ्यायचंय? एखादी आजी म्हणेल, ‘मला नगं बाबा, धाकट्याला सांगा.’ तेही मान्य करायचं. कारण न ऐकण्याचा निर्णय तिचा स्वतःचा आहे, केबिनबाहेर तिघांनी मिळून ठरवलेला नाही.

लपवण्यामागे पुष्कळदा लाजही असते, विशेषतः तोंडाच्या कॅन्सरमध्ये. ‘गुटखा खाल्ला, आता भोगतोय’ हे वाक्य भेटायला आलेलं माणूस उंबरठ्यातच टाकून जातं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तो मिळत नाही अशी जागा शोधावी लागते. तेव्हा दोष वाटायचाच तर तो एकट्या पेशंटच्या वाट्याला का? शरद पवारांना २००४ साली तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं. त्यांनी आपल्या तंबाखूच्या सवयीबद्दल आणि उपचारांबद्दल पुढे कितीतरी जाहीर सभांत सांगितलं. तंबाखू निदानानंतर सोडली तरी उपचारांना फायदा होतो. सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे.

गैरसमज : मन खंबीर ठेवलं की कॅन्सर हरतो, रडलं की वाढतो

हा सगळ्यात गोड बोलून केला जाणारा जुलूम. ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘तुम्ही तर वाघ आहात’, ‘रडायचं नाही हं’. सांगणारा चहा पिऊन निघून जातो आणि पेशंट मनात नवं ओझं घेऊन बसतो : मी घाबरलो म्हणून गाठ वाढली तर?

या समजुतीला एके काळी संशोधनाचा आधारही मिळाला होता. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. अंगभर पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या काही बायका दर आठवड्याला एकत्र बसून बोलत, आणि गटात नसलेल्यांपेक्षा त्या जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. जगभर गाजावाजा झाला. मग २००१ साली कॅनडात २३५ बायकांवर तोच प्रयोग पुन्हा झाला. आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २००७ साली खुद्द स्पीगल यांनी पुन्हा तपासलं, तर एकूण गटात त्यांनाही ते दिसलं नाही. त्याच वर्षी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनाची अवस्था चांगली असणं किंवा नसणं, याचा कोण किती जगलं याच्याशी संबंध निघाला नाही.

काहींना ही निराश करणारी बातमी वाटेल. मला ती पेशंटची सुटका वाटते. रडण्याने गाठ वाढत नाही. भीती वाटणं हा कमकुवतपणा नाही आणि त्यामुळे औषध कमी लागू पडतं असंही नाही.

मग एकत्र बसून बोलायचं तरी कशाला? याचं उत्तरही कॅनडाच्या त्याच अभ्यासात आहे. गटात बसणाऱ्या बायकांची उदासी कमी झाली आणि दुखणं कमी जाणवलं. आयुष्य वाढत नसेल, पण आहे ते सुसह्य होतं. मुंबईत ‘व्ही केअर’ ही संस्था १९९४ पासून हेच काम करते. स्वतः कॅन्सरमधून गेलेली माणसं नव्या पेशंटशी बोलतात. डॉक्टरांनी ‘केस परत येतील’ म्हणणं वेगळं आणि समोरच्या बाईने डोक्यावरचा पदर जरा मागे सारून ‘हे बघा, आले’ म्हणणं वेगळं. जालन्यात असा गट हाताशी नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा नर्सला सरळ विचारा : माझ्यासारख्याच आजारातून बाहेर पडलेलं कुणी बोलायला तयार आहे का? गल्लीतही कुणीतरी असतंच. ते बोललेलं नसतं, एवढंच.

झोप उडाली, जेवण सुटलं, नको ते विचार यायला लागले, तर मात्र गप्पांवर भागवू नये. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी मोफत नंबरवर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

गैरसमज : सुरी लागली की पसरतो

पारावर याला कायम दुजोरा मिळतो, कारण उशिरा ऑपरेशन झालेला एखादा माणूस गेलेला सगळ्यांना आठवतो. पण तो उशिराने गेलेला असतो, सुरीने नव्हे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातले ५०० पेशंट त्यात होते. तोंडातल्या गाठीबरोबर मानेतल्या गाठी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. मानेचं ऑपरेशन गरज पडेपर्यंत थांबवलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. म्हणजे ज्यांना सुरी जास्त लागली, तेच जास्त जगले. बायोप्सीचंही तसंच. तिच्याशिवाय कुठला कॅन्सर, कुठलं औषध, हे ठरतच नाही.

भेटायला आलेला प्रत्येक जण एका वैद्याचा पत्ताही घेऊन येतो. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात, बरा होण्याजोगा कॅन्सर असताना नेहमीचे उपचार टाळून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. केमो चालू असताना काढा घ्यायचाच असेल तर निदान चोरून घेऊ नका. औषधांशी त्याची गाठ कुठे पडेल सांगता येत नाही, डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज : मुंबई गाठली तरच खरं, आणि त्यासाठी शेत विकावं लागणार

आधाराचा खरा कस इथे लागतो, म्हणून जरा सविस्तर.

जालन्यापासून साधारण साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. घाटीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं हे हॉस्पिटल २०१२ साली सुरू झालं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही तिथे होतं. रेडिएशन बहुधा आठवड्याचे पाच दिवस, असं पाच-सात आठवडे चालतं. एवढे दिवस परळच्या फुटपाथवर काढायचे की संध्याकाळी घरच्या भाकरीला परत यायचं, हा प्रश्न उपचारांइतकाच मोठा आहे. टाटाचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. तिथे उपचारांचा आराखडा ठरवून पुढची केमो जवळच्या हॉस्पिटलात घेणारे कितीतरी पेशंट आहेत. मुंबईत दाखवलं म्हणजे मुंबईतच राहिलं पाहिजे असं नाही.

पैशांचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे तिन्ही प्रकारचे उपचार आहेत. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. ‘आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काय मिळणार’ म्हणून पुष्कळ जण खिडकीपर्यंतही जात नाहीत. आता पांढऱ्या कार्डालाही योजना लागू आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा, पैसे भरण्याच्या खिडकीवर नंतर. योजना कॅशलेस आहे, तेव्हा आधी बिल भरून मागाहून परत मिळेल या भरवशावर राहू नका. चौकशीचा नंबर १५५३८८.

प्रवासाचं तर अनेकांना माहीतच नसतं. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण भाडं माफ आहे. सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत मिळते. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला दाखला हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं. देवगिरीने रात्री निघालं की सकाळी मुंबई. एसटीतही कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे. राहायला दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी हॉस्पिटलची कागदपत्रं दाखवावी लागतात आणि जागेसाठी थांबावंही लागतं. म्हणून हॉस्पिटलात गेल्यावर पहिल्याच दिवशी समाजसेवा विभाग गाठावा. तिथल्या समाजसेवकाला कुठल्या ट्रस्टकडे कुठला अर्ज करायचा हे पाठ असतं.

हे सगळं पेशंटने करायचं नाही. इथेच गोतावळा कामाचा. एकाने फाइल सांभाळायची : रिपोर्ट तारखेवार, सगळ्याची झेरॉक्स, एक वही. केबिनमध्ये दोघांनी जायचं, कारण घाबरलेल्या माणसाच्या कानावरून निम्मं निघून जातं. दुसऱ्याने लिहून घ्यायचं : टप्पा कुठला, उपचार बरं करायला आहेत की आटोक्यात ठेवायला, किती दिवसांचे, घरी काय झालं तर लगेच यायचं, रात्री फोन कुणाला करायचा.

गैरसमज : भेटायला गेलंच पाहिजे

कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. पेशंटचं ताट-वाटी वेगळं काढणारी घरं अजून आहेत, ते बंद व्हावं. बाहेरून रेडिएशन घेऊन आलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत, नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. धोका असतो तो उलट्या बाजूने. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी खाली जातात, आणि भेटायला आलेल्याची साधी सर्दी पेशंटला आयसीयूत नेऊ शकते. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं.

तेव्हा खोकला असेल तर घरीच थांबा, नसेल तर पाच मिनिटं बसा. आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कारण कुणी सांगत नाही. ‘मंगळवारी केमोला मी गाडी आणतो’, ‘गुरुवारचा डबा माझा’, ‘पोरांची ट्यूशन मी बघते’ असं नेमकं बोला. पेशंट बाई असेल तर हे दुप्पट लागू, कारण केमोवरून येऊन कणीक मळणाऱ्या बायका अजून आपल्या ओळखीत आहेत.

गैरसमज : पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, उलट्या, धाप, भीती यांवरचे उपचार. ते शेवटी नव्हे, पहिल्या दिवसापासून मागता येतात. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. केमोबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांची उदासी कमी होती. ते सरासरी ११.६ महिने जगले, न मिळालेले ८.९ महिने. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळीचीही अशीच उगाच धास्ती घेतात. दुखणाऱ्या माणसाला सांगितल्या मापात ती दिली तर तो व्यसनी होत नाही, त्याला झोप लागते. पहिल्या भेटीच्या वहीत हाही एक प्रश्न लिहून न्या : ‘दुखलं तर काय देणार, आणि ते जालन्यात कुठे मिळेल?’